मागचा डावा स्पीकर

माझ्या मामाचा आवाज तुम्ही ऐकला असेल. मामाला मात्र तुम्ही ओळखणार नाही, आणि त्याला ते बरंच वाटतं. अंगाने काटकुळा, उंची बेताची, डोक्यावर उरलेले केस तो मोजून विंचरतो. रांगेत उभा असला तर मागचा माणूस त्याच्याकडे न बघताच पुढे घुसेल. पण त्याने नुसतं "किती झाले?" असं विचारलं की काउंटरवरचा दचकून मान वर करतो. एवढ्याशा छातीतून हा आवाज येतो कुठून, हे लग्नाला पस्तीस वर्षं होऊनही मामीला कळलेलं नाही. ती म्हणते, लग्नाआधी मी फोनवर बोलले आणि तिथेच फसले.

मामा डबिंग करतो. परदेशी सिनेमातल्या माणसांच्या ओठांत बसतील असे आपल्या भाषेतले शब्द शोधायचे आणि काचेच्या खोलीत उभं राहून ते बोलायचे, हा त्याचा धंदा. त्याने न्यायाधीश केलेत, खुनी केलेत. एकदा एक म्हातारं अस्वल केलं आणि आठवडाभर घरी खुणांनी बोलत होता. मामीच्या मते तो आठवडा त्यांच्या संसारातला सगळ्यात सुखाचा.

लोकांना ठाऊक आहे तो मात्र एकच आवाज: 'पोकळ चंद्र' मधला पहारेकरी. ज्यांनी हे सिनेमे पाहिले नाहीत अशी तीन-चार माणसं जगात असतीलच, त्यांच्यासाठी सांगते. चंद्र आतून पोकळ असतो, त्यात हजारो लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत असतात आणि भिंतींमधलं एक यंत्र त्यांच्यावर लक्ष ठेवतं. त्या यंत्राला चेहरा नाही, नुसता आवाज आहे. कुणी संकटात सापडलं की तो आवाज म्हणतो, "मी ऐकतोय." अठरा वर्षांत आठ भाग झाले. चाहते स्वतःला रहिवासी म्हणवतात. एकमेकांना भेटले की उजवा तळहात कानावर ठेवतात आणि "ऐकतोय" म्हणतात. हसू नका, मीही अठरा वर्षं ठेवत होते.

मामाला हे सिनेमे आवडत नाहीत. खरं तर हे फार सौम्य झालं. जेवताना विषय निघाला की घास हातातच राहायचा आणि तो सुरू व्हायचा. आठ भागांत एकाला साधी सर्दी झालेली नाही. कुणी कुणाची थट्टा करत नाही, सगळे कायम खिडकीबाहेर बघून मोठमोठी वाक्यं टाकतात. आणि मेलेलं माणूस पुढच्या भागात हटकून परत येतं, मग रडायचं तरी कशासाठी, असं तो मलाच विचारायचा. मी ताटात बघत राहायचे, कारण मला नेमकं तेच आवडायचं. पहिला भाग आला त्या वर्षी माझे बाबा गेले होते आणि मी नऊ वर्षांची होते. मामा मला त्याचा आवाज ऐकवायला घेऊन गेला. अंधारात चारही बाजूंनी मामा म्हणाला, "मी ऐकतोय," आणि बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडले. मला रहिवासी केलं ते मामानेच, पण हे त्याला सांगायचं राहून गेलं.

सिनेमांपेक्षा त्याला रहिवाशांचा राग जास्त होता. राग म्हणतो तो, पण ती भीती होती. आजी शेवटच्या दिवसांत दवाखान्यात असताना तिला ऑक्सिजनची नळी लावायला एक माणूस आला. मामा त्याला काहीतरी विचारायला गेला, तर तो आवाज ऐकून थबकलाच. खिशातून फोन काढून त्याने मामापुढे धरला आणि म्हणाला, एकदा म्हणा ना. तिकडे आजी धापा टाकत होती. मामाने म्हटलं, कारण नळी त्या माणसाच्या हातात होती. हे सांगताना मामाचा आवाज आजही खाली जातो आणि मामी उठून आत जाते. त्यानंतर रस्त्यात कुणी कानावर हात ठेवलेला दिसला की मामा बाजू बदलायचा. तरीही तो पहारेकरी करत राहिला, कारण एवढा आवाज लागणारं दुसरं काम या वयात कोण देणार होतं?

आता जे घडलं ते कळायला गलका म्हणजे काय ते सांगायला हवं. सिनेमात गर्दी असते, तिचा मागे आवाज असतो. तोही आपल्या भाषेत हवा. मग पाच कलाकार एका माइकभोवती गोल उभे राहतात आणि एकाच वेळी काहीबाही बोलतात. तेच परत जागा बदलून, आवाज बदलून, असं चार वेळा. चार थर एकावर एक चढवले की पाचाचे हजार होतात. याला ते लोक गलका म्हणतात. गलक्याचं कागदावर काही लिहिलेलं नसतं, फक्त एक नियम असतो: खरं काही बोलायचं नाही. "अहो, तिकडे बघा", "काय झालं, काय झालं", एवढंच. नवीन मुलांना हा नियम मामाच शिकवायचा. कारण चौथ्या थरापर्यंत माणूस कंटाळतो आणि मग तोंडातून घरचं भांडण बाहेर पडतं.

आठव्या भागाच्या गलक्यात, चौथ्या थराला, मामाच्याच तोंडातून बाहेर पडलं. म्हाताऱ्याचा बारीक, नाकातला आवाज काढून तो म्हणाला, "आठवा भाग झाला तरी तेच दळण. आणि ही वेडी पोरं रांगा लावून तेच पीठ घरी नेतायत."

हजार आवाजांत ते कुणाला कळणार होतं? थिएटरात कुणालाच कळलं नाही. दोन महिन्यांनी सिनेमा घरी बघायला मिळू लागला तेव्हा मला कळलं.

मी ऐकू न येणाऱ्या लोकांना कानाची मशीन बसवते. गर्दीतून एक आवाज वेगळा काढायचा, हे माझं रोजचं काम आहे. बुधवारी माझी सुट्टी असते. त्या बुधवारी दुपारी मी हेडफोन लावून बसले आणि सिनेमातल्या सहा स्पीकरांचे सहा आवाज सुटे केले. मला गलक्यातला मामा शोधायचा होता, प्रत्येक भागात शोधायचे, तो माझा खेळ होता. मागच्या डाव्या स्पीकरात हे वाक्य लख्ख ऐकू आलं, कुणा अनोळखी म्हाताऱ्याच्या आवाजात. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. तेवढाच तुकडा कापला आणि रहिवाशांच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. तिथे सगळ्यांची टोपणनावं असतात, कोण कोण आहे ते कुणाला ठाऊक नसतं. खाली मी लिहिलं, ऐका, मागे कुणीतरी दळण दळतंय.

पहिला अर्धा तास सगळे हसले. मग एकाने लिहिलं की यात हसण्यासारखं काय आहे. दुसऱ्याने लिहिलं, आपल्या घरात घुसून आपल्याला शिव्या दिल्यात. त्यानंतर कुणी हसलं नाही. मी तो तुकडा पुन्हा ऐकला, आणि मग तिसऱ्यांदा. त्या वाक्याच्या आधी एक छोटा श्वास आहे, नाकाने झटकन ओढलेला. आवाज बदलता येतो, श्वास बदलत नाही. कुणाला टोचून बोलायच्या आधी मामा तो श्वास घेतो, जेवणाच्या टेबलावर मी तो हजारदा ऐकला होता.  मी तुकडा काढून टाकला, खातंही बंद केलं. पण तोवर तो शंभर ठिकाणी गेला होता, आणि संध्याकाळी चाळीस हजार लोकांनी ऐकला होता.

गलक्यातल्या पाच जणांची नावं सिनेमात कुठेच येत नाहीत. शेवटी जी नावं धावतात त्यात आवाज मुद्रित करणाऱ्या मुलीचं नाव मात्र होतं. स्टुडिओत तिला सगळे पेन्सिल म्हणतात, कारण तिच्या अंबाड्यात कायम एक खोवलेली असते. सगळं ऐकून, तपासून, कागदावर सही करणं हे तिचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं नाव ग्रुपवर होतं. तिसऱ्या दिवशी फोटो आला, आणि चौथ्या दिवशी ती राहते त्या इमारतीचा दरवाजा.

मी रोज काम सुटलं की मामाकडे जाऊन बसायचे. स्टुडिओच्या मालकाने त्याला पहिल्याच सकाळी फोन करून सगळं सांगितलं होतं. वाक्य कुणाचं ते मालकाला ठाऊक होतं, पेन्सिलीला ठाऊक होतं, गलक्यातल्या बाकी चौघांनाही. मालकाने बजावलं की तोंडातून एक अक्षर काढायचं नाही, नववा भाग हातचा जाईल. पोरीला मी कामावरून काढलंय, चार दिवसांत लोक विसरतील, असंही तो म्हणाला. मामी खिडक्यांच्या कड्या लावत फिरायची, मामा दाराची. दाराची बेल वाजली की तिघंही एकमेकांकडे बघायचो आणि कुणी उठायचं नाही. कचरा नेणारा दोन दिवस बेल वाजवून परत गेला.

मामा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायचा: हे शोधलं कुणी? पहिला तुकडा टाकणारा तासाभरात गायब झाला, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. मी म्हणायचे, माहीत नाही रे. आणि चहा करायला आत जायचे. ग्रुपवरही त्या गायब झालेल्या माणसाचा शोध चालू होता, त्यामुळे मला दोन्हीकडची भीती होती. रस्त्यात मागे पावलं वाजली की मी दुकानात शिरायचे. त्यातच आमच्या भागातल्या रहिवाशांच्या म्होरक्याचा मला फोन आला. त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. मी पहारेकऱ्याची भाची, हे त्याला मीच कधीतरी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. तो अगदी आदराने बोलला. म्हणाला, पहारेकऱ्यांनी एकदा हा आवाज ऐकावा आणि कोण आहे ते सांगावं. तेच ओळखू शकतील. आम्ही फक्त त्याला भेटू.

भेटून काय करणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते त्याच्यावर आहे.

सहाव्या दिवशी मामा म्हणाला की पेन्सिलीकडे जाऊन येऊ. मामीने अडवून पाहिलं, पण तो बूट घालून उभाच राहिला. दुपारचे चार वाजले होते, रस्त्यावर ऊन होतं, शाळेतून मुलं घरी चालली होती. पेन्सिलीच्या इमारतीसमोर, पलीकडच्या फुटपाथवर पाच माणसं उभी होती. ती काही बोलत नव्हती, घोषणा नाहीत, हातात काही नाही. पाचही जणांचे तळहात कानावर होते आणि तोंडं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे. एक बाई भाजीची पिशवी पायाशी ठेवून उभी होती, बहुधा घरी जाता जाता अर्धा तास ड्युटी करत असावी. त्या पिशवीची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

पेन्सिलीने दार साखळी लावूनच उघडलं. बेलची तार तिने उपटून काढली होती. पडदे ओढलेले, आतल्या खोलीत तिची आई झोपलेली. आईला तिने सांगितलं होतं की सुट्टी घेतलीय. तिने आम्हाला बसवलं आणि स्वतः उभी राहिली. तिच्या फोनवर दर मिनिटाला एकच शब्द येत होता, "ऐकतोय", वेगवेगळ्या नंबरांवरून. मामाने तिला विचारलं की तू माझं नाव का सांगत नाहीस.

"मी ते ऐकलं होतं मामा, त्याच दिवशी," ती म्हणाली. "हसू आलं, म्हणून ठेवलं. पुसायला एक बटण दाबायचं होतं."

"पण बोललो मी."

"तुमचं नाव सांगितलं तर ते इथून उठून तुमच्या दारात जातील. तुम्हाला या वयात झेपणार आहे का? मला तरी कुठे झेपतंय म्हणा." आणि ती हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं.

खाली आलो तर त्या पाचांतला एक रस्ता ओलांडून आला. मामा माझ्याशी बोलला, त्या आवाजावरून त्याने मामाला ओळखलं होतं. मामाच्या पायांशी वाकला आणि म्हणाला, तुम्ही तिला समज द्यायला आलात ना, आम्हाला माहीत होतं तुम्ही याल.  मामा नुसता मान हलवत राहिला. त्याची मान 'नाही' म्हणत होती, आणि त्या माणसाने ती 'हो' अशी वाचली. चार पावलं गेल्यावर मामाने माझा दंड धरला. तो घरापर्यंत सोडला नाही.  घरी पोचल्यावर तो दोन तांबे पाणी प्यायला आणि म्हणाला, तुझ्या त्या कॅप्टनला सांग, मी येतो.

पुढचे चार दिवस मामीने त्याच्याशी बोलणं टाकलं. मग शनिवारी तिने त्याचा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला.

रहिवासी महिन्यातून एकदा रविवारी सकाळी भेटतात. फर्निचरच्या एका दुकानावर हॉल आहे, तिथे. एरवी साठ-सत्तर लोक असतात. त्या दिवशी तीनशे होते, खुर्च्या संपल्यावर जिन्यापर्यंत उभे. निम्म्यांच्या अंगावर पहारेकऱ्याची राखाडी शाल होती. भिंतीवर आठही भागांची पोस्टरं. या हॉलमध्ये मी कितीतरी सकाळी सुखात घालवल्यात. त्या दिवशी मी शिरता शिरता दारं मोजली. एकच होतं.

मामा पुढे गेला तसे तीनशे तळहात कानांवर गेले. त्याने माइक हातात घेतला, अनुभवाने थोडा लांब धरला, आणि त्याचा तो आवाज, ज्याने अस्वलं आणि खुनी केले, तो कापत होता.

"ते वाक्य मी बोललो," तो म्हणाला. "गलक्यात. त्या मुलीची काही चूक नाही. मला हे सिनेमे आवडत नाहीत, कधीच आवडले नाहीत. तिच्या दारातून लोक उठवा. माझा पत्ता मी देतो."

  मला वाटलं, आता खुर्च्या उडतील. मग पहिल्या रांगेत बसलेला कॅप्टन उठला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो लोकांकडे वळून म्हणाला की आठवतं ना पाचव्या भागात काय झालं, चोरी एका पोरीने केली आणि तिला वाचवायला पहारेकऱ्याने आळ स्वतःवर घेतला. हे आज आपल्यासमोर घडतंय. टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. मामा ओरडून सांगत होता की नाही हो, खरंच मी, ऐका. आणि त्याने तिथेच, माइकवर, ते वाक्य म्हणून दाखवलं, तसाच म्हाताऱ्याचा बारीक आवाज काढून, शब्द न्‌ शब्द तसाच. तर लोक हसले. काय नक्कल केली म्हणून पुन्हा टाळ्या. मागून कुणीतरी चिडून म्हणालं की या वयाच्या माणसाला असं करायला लावणारी ती मुलगी आहे तरी कशी, तिला आता सोडायचं नाही. त्यालाही टाळ्या पडल्या.

मामाने माइक खाली केला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा इतके लोक ऐकत होते आणि एकालाही ऐकू जात नव्हतं. तो गर्दीत मला शोधत होता. त्याने मला काही करायला सांगितलं नाही, नुसतं पाहिलं, बुडणारा माणूस पाहतो तसं.

मला तेव्हा कळलं होतं की त्याच्यावर विश्वास बसायचा तर एकच रस्ता आहे. मला पळून जावंसं वाटलं. दार एकच होतं आणि ते भरलेलं होतं, नाहीतर मी गेलेही असते, हे लिहून टाकलेलं बरं.

मी खुर्चीवर चढले. म्हटलं, पहिला तुकडा टाकणारी मी आहे. गायब झालेलं खातं माझं. खात्याचं नाव सांगितलं, त्याखाली लिहिलेलं वाक्य सांगितलं, फोनमधला मूळ तुकडा उघडून फोन पहिल्या रांगेत दिला. मी तो तुकडा तासाभरात का काढला हे तुम्ही सगळे अकरा दिवस विचारताय ना, मी म्हटलं, तर ऐका. वाक्याच्या आधी एक श्वास आहे. तो माझ्या मामाचा आहे. मामा कुणाला वाचवत नाहीये. तो दर जेवणाला तुम्हाला शिव्या घालतो. आजी जाताना तुमच्यातल्या एकाने नळी हातात धरून त्याला पहारेकरी व्हायला लावलं, तेव्हापासून तो तुम्हाला घाबरतो. आता मलाही तुमची भीती वाटते.

कॅप्टनने माझ्या फोनवर तो तुकडा लावला आणि माइक त्याच्यापाशी धरला. हॉलभर तो छोटा श्वास ऐकू आला. मग त्याने मामाकडे पाहिलं. मामा घाबरून नाकाने श्वास घेत होता.

 शाल घातलेली एक म्हातारी खाली बसून रडू लागली, घरातलं कुणी गेल्यासारखी. कॅप्टनने माझा फोन परत दिला, माझ्याकडे न बघता. आम्ही दोघं दाराकडे निघालो. लोक बाजूला होत होते, पण पुरेसे होत नव्हते. प्रत्येकाच्या खांद्याला खांदा घासून जावं लागत होतं. कुणीतरी मामाच्या सदऱ्याची बाही धरली आणि सोडली, आणि कुणीतरी माझ्या मानेवर थुंकलं. जिन्यात फोन वाजायला लागले होते. पेन्सिलीच्या दारातली माणसं दुपारपर्यंत उठली, हे तिनेच नंतर कळवलं. तीच माणसं आमच्या दारात यायला तीन वाजले.

पण ते नंतरचं. तेव्हा आम्ही खाली रस्त्यावर आलो, भर उन्हात, आणि मामा दुकानाच्या काचेला हात टेकून उभा राहिला. काचेपलीकडे नवीन सोफे होते. मी रुमालाने मान पुसली. त्याचा श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"कितव्यांदा ऐकलंस तेव्हा मी आहे हे कळलं?" त्याने विचारलं. आवाज शांत होता, स्टुडिओत नव्या मुलाला विचारतो तसा.

"तिसऱ्यांदा."

"आणि टाकलंस कितव्यांदा ऐकून?"

"पहिल्यांदा."

त्याने मान हलवली. "अकरा दिवस रोज माझ्याकडे येऊन बसलीस. मी रोज विचारत होतो."

मी म्हटलं की सांगायची भीती वाटली.  वर हॉलमध्ये खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता, ते खाली यायला निघाले होते.

"भीती मलाही होती," मामा म्हणाला. "पण मी बाहेरच्यांसाठी दाराला कडी लावत होतो, तू आत असताना."

मग तो वळून चालू लागला, पाठीला पोक काढून, भिंतीच्या कडेकडेने. मी निघाले, पण त्याच्यामागे किती अंतर ठेवून चालावं ते मला कळेना.